गुपचूप विचारणारा राजा

डच शिकायला मी दर बुधवारी सायकलने न्यूनेन गावातल्या चर्चमागच्या खोलीत जायचे. शिकवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका. पैसे घ्यायच्या नाहीत, पण चुकीला माफीही नव्हती. भूतकाळाची क्रियापदं त्यांनी माझ्याकडून ज्यूंच्या प्राचीन राजांच्या गोष्टींवर घोटून घेतली. गोष्टी मुलांसाठी लिहिलेल्या, वाक्यं छोटी.

सगळ्यांचा साचा एकच. राजा भलत्या वाटेला लागतो, देवाचा निरोप सांगणारा कुणी फाटका संदेष्टा तोंडावर इशारा देतो, आणि मग राजा काय करतो ते पाहायचं. एकाने अंगावरची वस्त्रं फाडली आणि रडला, तो ऐकणारा. एकाने इशाऱ्याची गुंडाळी वाचून घेतली आणि वाचून होईल तसतशी कापून शेगडीत टाकली. हिवाळा होता, तेवढीच ऊब मिळाली असेल. एकाला शेकडो संदेष्टे ‘लढाईला जा, जिंकशील’ म्हणाले आणि एकच ‘मरशील’ म्हणाला. राजाने त्या एकालाच कोंडलं. मला हे राजे परके वाटले नाहीत. त्यांच्यातला एक माझ्याच घरात होता.

नवऱ्याला शुगर. इथल्या दवाखान्यातून दरवर्षी डोळे तपासायला बोलावणं यायचं, तो जायचा नाही. “इथले डॉक्टर पॅरासिटामॉलच्या पुढे जात नाहीत. डिसेंबरमध्ये पुण्याला फुल बॉडी चेकअप करू.” आमच्या सगळ्या गोतावळ्याचं शास्त्रच हे: दुखणं अंगावर काढायचं आणि सुट्टीत विमानाने पुण्याला न्यायचं. शनिवारी जेवायला जमलेले मित्र एका सुरात “बरोबर आहे” म्हणायचे. माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. “तू कधी चांगलं बोलतेस का?” असं तो चिडून विचारायचा. त्या कोंडणाऱ्या राजाचीही हीच तक्रार होती.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी मी कणीक मळत होते. तो आत आला आणि दार लोटून घेतलं. डाव्या डोळ्यापुढे काळे धागे तरंगतात, म्हणाला. कुणाला सांगू नकोस, म्हणाला. मग हळूच विचारलं, “तुला काय वाटतं?”

इतक्या वर्षांत त्याने असं कधी विचारलं नव्हतं.

“फोन कर. आत्ता कर.”

“ऑफिसात कळलं तर? काँट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय, इथे राहायचं परमिट त्याच्यावर आहे. आणि ग्रुपमधले सगळे हसतील, की एवढा बोलत होता आणि गेला शेवटी.”

“हसू देत.”

“डिसेंबर काय लांब आहे?”

दुसऱ्या दिवशी मीच फोन करून वेळ घेतली. त्याने ती परस्पर रद्द केली. ऑफिसात ताकास तूर लागू दिली नाही.

त्याच सुमारास बाईंनी शेवटच्या राजाची गोष्ट काढली. शहराला वेढा पडलेला. हा राजा दुष्ट नव्हता, म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला. संदेष्ट्याला चिखलाच्या हौदात टाकू देतो, मग वर काढवतो आणि गुपचूप बोलावून विचारतो, आता काय करू? शरण जा, जीव वाचेल, असं उत्तर मिळतं. पण आपलेच लोक टर उडवतील या भीतीने तो हलत नाही, आणि वर बजावतो की हे बोलणं बाहेर जाता कामा नये. पुढचं पान बाईंनी मला मोठ्याने वाचायला लावलं. शत्रूने त्याचे डोळे काढले. क्रियापद मला येत होतं, तरी तिथे मी थांबले.

नोव्हेंबरात एका सकाळी दाढी करताना त्याच्या डाव्या डोळ्यापुढे अंधार झाला. आत रक्तस्राव झाला होता. ऑपरेशन झालं, पण डोळा गेला. माझं डच ऐकून डॉक्टरबाई माझ्याशी डचमध्येच बोलल्या. नवऱ्याचं ऑफिस इंग्रजीत, त्याला त्यातलं काही कळलं नाही. उजव्यातही तेच सुरू झालंय, त्या म्हणाल्या. लेझर करू, पण वाचेलच असं सांगता येत नाही.

खरा ठरलेल्या संदेष्ट्याला काय मिळतं ते पुस्तकात नव्हतं. मला काहीच मिळालं नाही. ‘मी सांगितलं होतं’ हे ओठांवर आलं आणि त्याच्या डोळ्यावरची पट्टी पाहून रडूच फुटलं.

बसस्टॉपवर तो माझा दंड धरून उभा होता.

“काय म्हणाल्या त्या? उजवा राहील ना गं?”

“राहील म्हणाल्या,” मी सांगितलं. “नक्की राहील.”

तो “बरं” म्हणाला. लग्नाच्या इतक्या वर्षांत माझं म्हणणं त्याला लगेच पटलं ते हे.