उताराचा पेपर

परदेशात लँडस्केप आर्किटेक्ट म्हणून नकाशावर स्वतःची सही करायची तर परवाना लागतो आणि परवान्यासाठी चार पेपर द्यावे लागतात. शेवटच्या पेपरात, म्हणजे जमिनीचे उतार आणि पाण्याचा निचरा या विषयात, मी दोनदा नापास झाले. तेव्हा मी तिकडच्याच एका ऑफिसचं काम श्रीरामपूरच्या घरून करत होते. परीक्षा पुण्याच्या केंद्रावर, कॉम्प्युटरवर व्हायची. निकालात फक्त ‘अनुत्तीर्ण’ असायचं. काय चुकलं ते कळत नसे.

चीड यायची ती याची, की उतार काढणं हे माझं रोजचं काम होतं. मी आखलेल्या बागांमध्ये पाणी तुंबल्याची तक्रार कधी आली नव्हती.

पप्पा मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. अकोले तालुक्यातल्या भातखाचरांपासून इकडच्या उसापर्यंत मोजणीची साखळी घेऊन हिंडलेले. दुसऱ्या निकालानंतर एका रविवारी चर्चमधून आल्यावर त्यांनी माझा सरावाचा पेपर मागून घेतला. इंग्रजी जेमतेम, पण नकाशा त्यांना लगेच कळला. इमारत, तिच्यामागे जुनं झाड, शेजारून पायवाट. पाणी इमारतीपासून दूर न्यायचं. उतारासाठी टाकायची माती झाडाच्या मुळांवर पडू नये म्हणून मी पायवाट सरकवली होती.

“वाट हलवा असं कुठं लिहिलंय?” त्यांनी विचारलं.

कुठंच नव्हतं. खऱ्या कामात मी हलवलीच असती, असं मी म्हणाले.

“तिथं हलव. इथं विचारलंय तेवढंच दे.”

मग त्यांनी सांगितलं, की खात्याच्या परीक्षेत तेही तीनदा नापास झाले होते. नियम विचारला, की बांधावरचं भांडण आपण कसं मिटवतो ते लिहायचे. घरी मात्र बढती लांबली एवढंच सांगितलं होतं.

“मला तेव्हाच माहीत होतं,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. पप्पांनी पेपराचं पुढचं पान उलटलं.

त्यानंतर आम्ही रोज सकाळी बसायचो. ते प्रत्येक अटीखाली पेन्सिलीने रेघ मारायचे आणि माझं उत्तर कुठल्या रेघेला धरून आहे ते विचारायचे. फार कंटाळवाणं होतं. एकदा मी चिडून म्हणाले, तुमची परीक्षा वेगळी होती. ते उठून बाहेर गेले, कुंड्यांना पाणी घालून आले आणि पुढचा प्रश्न काढला. मी माफी मागितली नाही, याचं नंतर वाईट वाटलं.

तिसऱ्या वेळी पास झाले. निकाल ई-मेलवर आला. पप्पांनी किती मार्क पडले ते विचारलं; ते कळवत नाहीत म्हटल्यावर त्यांना ते काही पटलं नाही. आनंद झाला, पण वाटलं होतं तेवढा नाही. ऑफिसला एक ड्रॉइंग त्याच दिवशी पाठवायचं होतं, ते पुरं करायला बसले.