टोरच्या बोटीतून आव्हाल्डस्नेसला: फुकटच्या सफरीचा संशय

"फुकट कोण नेतं रे कुणाला?" संदेशने पहिला प्रश्न हाच टाकला. माझ्याही डोक्यात तोच होता.

संदेश मुलुंडचा, मी मरोळचा. दोघंही नॉर्वेत, हाउगेसुंडच्या एका गोदीत वेल्डिंग करतो. मी ज्याच्या तळघरात भाड्याने राहतो तो टोर सत्तरीच्या पुढचा, एकटा; मुलगी इंगा वेगळी राहते. इतक्या दिवसांत आमची गाडी 'गुड मॉर्निंग'च्या पुढे गेली नव्हती. आणि एका शुक्रवारी दारात येऊन म्हणतो, "उद्या शिडाच्या बोटीने व्हायकिंगांच्या जागी जाऊ. एक मुक्काम. येतोस?"

"किडनी सांभाळ," संदेश म्हणाला. "आणि लोकेशन चालू ठेव."

पण सुट्टीत मला घरात बसवत नाही. वर्गातही बसवायचं नाही, म्हणून तर आठवीत शाळा सुटली. गेलो.

माझा बोटीचा अनुभव म्हणजे वर्सोव्याहून मढला जाणारी फेरी, तीही स्कूटर धरून उभ्याने. इथे टोरने आधी मला लाइफ जॅकेट चढवलं, पट्टे ओढून बघितले. जाणार असाल तर भर उन्हाळ्यातसुद्धा कानटोपी आणि विंडचीटर घ्या, वारा हाडात शिरतो. खाणं घरून न्या. आमच्याकडे पाव, उकडलेली कोळंबी आणि इथलं तपकिरी चीज होतं. चव भांड्याला लागलेल्या बासुंदीसारखी.

हाउगेसुंडहून दक्षिणेला अरुंद सामुद्रधुनी आहे. मोठ्या पुलाखालून जाताना काठावर पाच उभे दगड दिसतात. जुन्या काळी इथले राजे जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांकडून वसुली करायचे. म्हणजे मुलुंडचा टोलनाकाच. संदेशला फोटो पाठवला, त्याचं उत्तर: "जिवंत आहेस ना?"

टोर सुकाणूवर होता, पण सारखा मलाच विचारत होता. "समोर काय येतंय?" "पाण्यातल्या त्या खांबाचा रंग कुठला?" "पाण्याच्या खोलीचा आकडा किती?" मला वाटलं, परीक्षा घेतोय. नाहीतर अडाणी समजतोय. आकडे मी बरोबर सांगत होतो, पण मनात चिडत होतो.

आव्हाल्डस्नेसला बेटाच्या आडोशाला छोटी खाडी आहे, पाणी ताटात ठेवल्यासारखं गप्प. तिथे नांगर टाकला. नोंद घ्या: बोटीचं तोंड वाऱ्याकडे करायचं, नांगर तळाला टेकवायचा, मग बोट हळूहळू मागे नेत साखळी सोडायची. खोलीच्या कितीतरी पट साखळी लागते, तेव्हाच नांगर चिखलात रुततो. टोरने साखळीवर हात ठेवला, डोळे मिटले, बराच वेळ. "धरला," म्हणाला.

रबरी होडीने काठावर गेलो. उंचवट्यावर दगडी चर्च, त्याला खेटून एक उंच दगड उभा. तो भिंतीला टेकला की जग बुडणार, अशी इथली समजूत. म्हणून एका पाद्र्याने गुपचूप वर चढून टोक तासलं म्हणे. मला हा माणूस पटला. खात्री नसेल तर तासून ठेवावं! हे बघायला पैसे पडत नाहीत, म्युझियमला तिकीट आहे. पुढे गवताने झाकलेला राजाच्या दफनाचा ढिगारा आहे. तो बघून कान्हेरीचे स्तूप आठवले आणि नकळत हात जोडले गेले.

माहितीच्या फलकापाशी टोर म्हणाला, "वाच ना."

"तुमची भाषा, तुम्हीच वाचा की."

तो पुढे गेला.

सकाळी त्याने कॉफी केली. कपाच्या काठावरून बोट आत धरलं, गरम कॉफी बोटाला लागल्यावर ओतायचं थांबला. मला त्याचे कालचे सगळे प्रश्न आठवले. इथे सगळे म्हाताऱ्यांनाही नुसत्या नावाने हाक मारतात. मी पहिल्यांदाच म्हणालो, "टोरकाका, तुम्हाला दिसत नाही ना?"

"कडेचं दिसतं. मधलं नाही."

"मुलीला माहीत आहे?"

"इंगाला कळलं तर बोट विकेल. तू इथल्या कुणाशी बोलत नाहीस. म्हणून तुला आणलं."

म्हणजे संशय खरा होता, फक्त किडनी सोडून.

"आणि माझ्या जिवाचं काय? त्या पुलाखालून जहाजं जातात. मला पोहता येत नाही!"

"बोट एकदाच परत नेऊ. तू आकडे सांग. नंतर मी सोडतो."

"आमच्याकडे दारुडे असंच बोलतात. इंगाला बोलवा. नाहीतर मी काठावर उतरून बसने जातो."

तो दगडाकडे तोंड करून बसला. मी गेलो तर एकटाच निघेल, हे मला कळत होतं. म्हणून उतरलो नाही. शेवटी त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. "नंबर तूच लाव. मला दिसत नाही."

मी लावला.

इंगा गाडीने आली. त्याच्यावर ओरडली नाही, नुसती जवळ बसली. मग तिने सुकाणू धरलं. टोर पूर्ण वाटभर आमच्याकडे पाठ करून बसला होता.

आता सुट्टीवर मरोळला आलोय. बोट विकली गेली. तळघर मी सोडलं नाही, त्यानेही सोड म्हटलं नाही. पण 'गुड मॉर्निंग'ही बंद झालं.

आई म्हणते, "बरं केलंस, बाळा." संदेश म्हणतो, "भावा, वाचलास." इंगाने तर निघताना हात धरून आभार मानले. मलाही तेच वाटतं. फक्त टोरने अजून काही म्हटलेलं नाही, आणि परत गेल्यावर त्याचं दार वाजवायची हिंमत होईल की नाही, सांगता येत नाही.