अण्णांनी घेतलेली परीक्षा

अभियांत्रिकी शिक्षणाची रचना मी बदलली, तेव्हा माझ्या सासऱ्यांच्या पडवीची कौलं फुटली.

२०१८च्या सुमारास नव्या अभ्यासक्रमाचं वारं सुटलं होतं. कॉलेजच्या बैठकीत मी टेबलावर मूठ आपटली. "घोकंपट्टी बंद! पोरांनी यंत्र बनवावं आणि वापरणाऱ्यानेच मार्क द्यावेत!" टाळ्या पडल्या. प्राचार्य म्हणाले, "पहिला परीक्षक कोण?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याच तोंडून निसटलं, "झाई गावचे आमचे सासरे, अण्णा. चिकूची वाडी आहे त्यांची."



अण्णांना अख्खी झाई टरकून! पण जावयावर ओरडायचं नाही, हा त्यांच्या घराण्याचा नेम. त्यामुळे जितका राग, तितकं गोड बोलणं. नुसतं "जावईबापू" म्हणाले तर निभावतं. "जावईबापू, बसा ना" म्हणाले की पळत सुटावं!

माझी विद्यार्थिनी वनिता, गंजाडची. तिच्या गटाने चिकूवरची भुकटी धुऊन काढणारं फिरतं पिंप बनवलं. छान, संथ फिरायचं. मला धास्ती, अण्णा म्हणतील, हे काय रेंगाळतंय! परीक्षेच्या सकाळी अण्णांच्या पडवीत मी मोटरचं छोटं चाक पिंपाला आणि पिंपाचं मोठं चाक मोटरला लावलं.

"सर, नको! पिंप पिसाळेल!"

"हा विषय तुला शिकवला कोणी?"

"तुम्हीच! म्हणून तर माहितीये!"

अण्णांनी बाजारात जायचा सगळा माल विश्वासाने आत ओतला. मी बटण दाबलं. पिंप गुरगुरलं, झाकण उडालं आणि मागोमाग चिकू! काही कौलांवर, काही तुळशीवर, एक तर थेट गुजरातेत! (हद्द जवळच आहे, उगाच शंका नको.)

"अहो, बंद करा ना ते!" बायको किंचाळली.

कसं करणार? मी बाजेखाली होतो.

शेवटी वनितानेच वायर उपटली. सदऱ्यावर चिकूचा गर घेऊन अण्णा सावकाश आले, बाजेखाली वाकले.

"जावईबापू, बसा ना. चहा टाकू? आलं घालून?"

आलं घालून! मी बाजेखाली आणखी आत सरकलो.

"तुमच्यावर ओरडता येत नाही हो," अण्णा मधाळ हसले, "पण मार्क देता येतात ना? नियम तुमचाच. पोरं पास. मास्तर नापास!"

चाकं पुन्हा जागच्या जागी गेली आणि वनिताचं पिंप आता झाईत वाडीवाडीत फिरतं. अण्णांकडे मात्र चिकू अजून हातानेच धुतात. दर रविवारी, फेरपरीक्षा म्हणून. हात माझे!