स्टोची पिन आणि मंदाचा साखरपुडा

मोहरीहून बारीक एका भोकापायी आमच्या मंदाचं लग्न मोडायला आलं होतं.

साखरपुडा उरणला, मुलाच्या घरी, मुहूर्त दुपारचा. नवीन पनवेलहून आमच्या जुन्या गाडीतून जायचं, आणि सकाळीच गाडी खोकायला लागली! आमच्या यांनी कार्बोरेटर खोलून सगळे भाग माझ्या परातीत मांडले. (त्याच परातीत मला कणीक मळायची होती!)

"हे बघ, या अरुंद गळ्यातून हवा जोरात जाते. ती या जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल ओढते, फवारा हवेत मिसळतो आणि इंजिनात जळतो. जेटमध्ये कचरा अडकलाय, एवढंच."

"अहो, मग हा आपला स्टोच की! रॉकेलऐवजी पेट्रोल!"

"अगदी स्टोच," म्हणून हे आंघोळीला गेले. म्हणायलाच नको होतं!

स्टो भकभकला की मी काय करते? पिन मारते. उभा जन्म मारत आले. तीच पिन पितळी जेटात खुपसून गरागरा फिरवली. पिन मोडली. मग दाभण घेतलं!

यांनी आंघोळीहून येऊन न बघताच सगळं जोडलं, आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू! मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. खांदा कॉलनी येईस्तो मागे काळाकुट्ट धूर. एक रिक्षावाला ओरडला, "काकी, साखरपुड्याला निघालात की डास मारायला?"

उरणच्या रस्त्यावर गाडी मेलीच. प्लगांवर ही काजळी! यांनी जेट काढून उजेडात धरलं.

"अगं, यातून वाटाणा जाईल! पेट्रोल धो धो आणि हवा पुरेना. कुणी केलं हे?"

मी शेताकडे बघत राहिले. मंदाने माझ्याकडे बघितलं आणि भर रस्त्यात भोकाड पसरलं. "आई, माझं लग्न गेलं गं!"

तेवढ्यात करंजा बंदराकडे परतणारा मासळीचा टेम्पो थांबला. "मावशी, बसा मागं! म्हावरं इकलं, आता नुसता बरफ हाय!"

मुहूर्त टळल्यावर पोचलो. तोंडं काळी, साड्या ओल्या, अंगाला कोलंबीचा वास. दारात होणाऱ्या विहीणबाई, हातात ओवाळणीचं ताट.

"काय हो झालं?"

आमचे हे पडले सत्यवचनी! "काही नाही. हिने कार्बोरेटरला स्टोची पिन मारली."

मेले मी! विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. वासापायी की हसू दाबायला, कळेना. साखरपुडा झाला खरा, पण तो पदर काही माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

उलगडा झाला लग्नात. विहीणबाईंनी माझी ओटी भरली: खण, नारळ, तांदूळ, आणि वर कोरा करकरीत वातीचा स्टो!

वातीच्या स्टोला पिन लागत नाही. (तरी मी मारून बघितलीच!)