कतारगाम दरवाजाजवळची घुमटं

आम्ही खानदेशातले. वडील सुरतेत लूमवर कामाला आणि आमची खोली कतारगाम दरवाजाजवळ, गोऱ्या साहेबांच्या जुन्या कबरस्तानाला लागून. कबरी कसल्या, चांगली घरंच ती! घुमटाखाली संसार मांडता येईल एवढी जागा.

शेजारच्या गुजराती आजी, आमच्या बा, सांगायच्या, मराठ्यांची फौज सुरत लुटायला आली तेव्हा गल्लोगल्ली एकच हाक होती, 'अंदर आव, अंदर आव', आणि धडाधड दारं लागली. कबरीतल्या साहेबांना ती धास्ती अजून आहे म्हणे. तिथे मराठी बोललं की ते जागे होतात. आमच्याच ओट्यावर बसून, आमचीच कळण्याची भाकरी खात बा हे सांगायच्या. मी हसायचे खरी, पण त्या हाकेचा विचार नको वाटायचा. पाच वर्षांच्या धाकटीला मी फक्त भाषेची भीती घातली होती, तीही ती फार बडबडायची म्हणून. हाकेचं तिला कधीच सांगितलं नाही. बा तर गुजरातीतच बोलायच्या, ते तिला कळायचंच नाही.

मग प्लेग आला. तीन दिवसांत गल्ली ओस पडली. लूमची खडखड थांबली आणि कानाला कसंतरीच व्हायला लागलं. बा मुलाकडे गेल्या. आम्हीही गावी निघालो. टेम्पो दारात उभा, बोचकी चढली, आणि धाकटी कुठेच नाही! टेम्पोवाला थांबायला तयार नव्हता. आईने रडून आकांत मांडला. वडील एकीकडे धावले, मी कबरस्तानाकडे.

भर दुपार, चिटपाखरू नाही. मोठ्या घुमटाच्या पायरीवर तिची एक चप्पल दिसली. आत काळोख. मराठीत हाक मारायला माझी जीभ उचलेना. बारा वर्षांची घोडी, पण घाबरले. म्हणून गुजरातीत ओरडले, "बहार आव, बेन, बहार आव!" घुमट घुमला. उत्तर नाही. पुन्हा ओरडले. काही नाही. मी तिच्याशी कधी गुजरातीत बोललेच नव्हते. ती मला ओळखणार तरी कशी? तेव्हा मला माझीच लाज वाटली. साहेब उठले तर उठोत म्हटलं आणि आमच्या घरच्या अहिराणीत ओरडले, "भायेर ये वं माय, मी शे, तुन्ही ताई!"

खांबामागून ती धावत आली. दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबलेलं. मी सांगितलं होतं ना, बोलायचं नाही म्हणून. मी तिला कडेवर घेऊन पळत सुटले. रस्त्यावर आल्यावर तिने तोंडावरचे हात काढले.

"ताई," ती कानाशी म्हणाली, "मंग ते 'अंदर आव, अंदर आव' कोन म्हनी ऱ्हायंतं?"