निर्गुडीला आवतण

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका झाडाला आवतण दिलं. आज गुरं पऱ्यावर पाण्याला नेली, तर बैलानं निर्गुडीला अंग घासलं आणि तो उग्र, कडवट वास काठभर पसरला. पऱ्या म्हणजे आमच्याकडचा ओढा. पावसात गुरगुरतो, थंडीत दगडांतून पुटपुटत जातो. वास आला आणि मी तिथंच बसलो. बैल पाणी पिऊन आपला घरी गेला.

ती संध्याकाळही अशीच थंडीची. सड्यावरचा, वरच्या कातळमाळाचा गार वारा सुटला की माझा उजवा गुडघा धरतो, आणि निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधला की सुटतो. पाला काय, काठावर हात घातला की मिळतो. पण हिचं तसं नव्हतं. औषधाचं झाड म्हणजे तिच्या लेखी मानाची पाहुणी. आदल्या दिवशी, दिवस मावळायच्या आत जाऊन बोलवायचं, मुळाशी हळदकुंकू नि अक्षता ठेवायच्या. सकाळी उठायचं ते मुक्यानंच. आपली सावली झाडावर पडू द्यायची नाही, आणि पाला घेऊन उंबरा ओलांडेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. बोलावून न नेलेलं झाड रुसतं, त्याचा गुण जातो, मग ते कुणाच्याच कामी येत नाही. हे तिला तिच्या आयशीनं सांगितलेलं.

प्रत्येक पाल्याची तिच्याकडे अशी काहीतरी गोष्ट असायची. वेखंड बाळाच्या मनगटाला बांधलं की दृष्ट नुसता वास घेऊन माघारी जाते. दिवाळीच्या पहाटे अंगठ्याखाली फोडायचं ते कारिट म्हणजे नरकासुर. त्याचं कडू जिभेला लावलं की वर्षभराचं कडू सोसतं. निर्गुडी घरामागच्या परड्यात असली की जनावर, म्हणजे साप, घराकडे फिरकत नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. यातलं खरं किती, खोटं किती, मला ठरवता येत नाही. दुखलं की बांधावं, एवढंच मला कळतं.

त्या संध्याकाळी मी लंगडत तिच्या मागनं गेलो. तिनं अक्षता ठेवल्या, फांदीवरून हात फिरवला आणि सासरी निघालेल्या पोरीशी बोलावं तशी बोलली, "बाय, सकाळी येतंय न्यायला. आमच्या म्हाताऱ्याचा गुडघा धरलाय. रागावू नको, चल माज्याबरोबर."

मी म्हटलं, "अगो, झाडाला काय कान हायत?"

"तुमाला हायत," ती म्हणाली, "तरी कुटं आयकताव?"

घरी आल्यावर तिनं जुन्या लुगड्याची एक पट्टी फाडून ओसरीवरच्या खुंटीला अडकवली. सकाळी गुडघ्याला बांधायला.

सकाळी मला जाग आली तेव्हा ती उठलेली नव्हती. असं कधी झालं नव्हतं. हात लावला, तर गार. हाक मारायला तोंड उघडलं. आणि मग ध्यानात आलं, आज बोलायचंच नसतं.

दगडी गडग्यापलीकडे थोरल्या भावाचं घर. वहिनीला हाताला धरून आणलं आणि दाखवलं. तिनं हंबरडा फोडला, माणसं जमली. मुलगा मुंबईला, त्याला कुणीतरी फोन लावून माझ्या कानाशी धरला. तो 'बाबा, बोला ना' म्हणत होता. मी ऐकून घेतलं, फोन परत दिला आणि पायात वहाणा घातल्या. वहिनीला कळलं मी कुठं निघालो ते. बायकांना एकमेकींचं ठाऊक असतं. ती वाटेत आडवी आली.

"भावजी, सुतक लागलाय. आता झाडापाल्याला शिवू नका. निर्गुडीचा गुण जायल."

सुतकाचंही खरं, आवतणाचंही खरं. पण शब्द दिला होता तो हिनं, आणि आता तो पाळायला माझ्याशिवाय कोण होतं? मी वहिनीला हातानं बाजूला केलं.

उन्हं नुकती आली होती. सावली मागं पडावी म्हणून पऱ्याचं पाणी ओलांडून पलीकडून गेलो. अक्षतांतल्या बऱ्याचशा मुंग्यांनी नेल्या होत्या, कुंकू दवानं विरघळलं होतं. एकच डहाळी मोडली. आता तिथून कुणी पाला नेत नाही, गोळ्या मिळतात. झाडाचा गुण गेला की राहिला, हे सांगणारंही कुणी उरलं नाही. झाड मात्र फुलतं दर वर्षी.

उंबरा ओलांडला आणि तिच्या उशाशी जाऊन पहिला शब्द बोललो, "आणली गो."

घरात मयत, चूल पेटणार नव्हती. म्हणून पाला तळहातांत धरून ऊब येईतोवर चुरला, खुंटीवरची पट्टी काढली आणि ओसरीवर बसून गुडघा घट्ट बांधला. तिला खांदा द्यायचा होता.