मेंढरं न बसलेली जमीन

दुपारचे पावणेदोन. विश्रामगृहातला पंखा बराच वेळ कुरकुरत फिरत असतो, तो एकदम दमतो, दोन-चार फेऱ्या उगाच मारतो आणि थांबतो. लाइट गेली. खाटेवर आडव्या झालेल्या संघमित्रा बनसोडेला हसू फुटतं. पुण्याच्या एका निसर्गसंवर्धन संस्थेत ती हवामान आणि ऊर्जा विभागाची प्रमुख. उभ्या तालुक्याला सूर्याची वीज पुरवायचा विडा उचललेल्या बाईच्या डोक्यावरचाच पंखा बंद पडावा, याला काय म्हणायचं?

पोटात पिठलं-भाकरी जड झालेली आहे. पिठलं अळणी होतं. खानसामा ओशाळून सांगून गेला होता, "मीठ संपलंय बाई. दुकान चारला उघडतंय." चारला तर हिचंही दुकान उघडणार आहे. जिल्ह्याच्या समितीपुढे तिला नकाशा ठेवायचा आहे. तो आत्ता उशाशी गुंडाळून ठेवलाय. त्यात पिवळा रंग म्हणजे सौर पॅनेल लावायला मोकळी जागा, हिरवा म्हणजे शेती, तिथं हात लावायचा नाही. एकदा समितीने मान हलवली की पुढच्या महिन्यात पिवळ्या रंगाभोवती कुंपण पडणार.

आणि त्या पिवळ्यातच आहे सहाशे एकरांचा हिंगणमाळ. सरकारी दप्तरात पडीक, उपग्रहाच्या फोटोतही उघडाबोडका. हिशेबाने सगळं बरोबर आहे, पण तिच्या छातीत आठवडाभर काहीतरी टोचतंय. बरं, माळ वगळावा तर हातात उरतं काय? संस्थेतली निम्मी मंडळी तीन वर्षं ऐकवत आली आहेत की पक्षी मोजणाऱ्यांनी विजेच्या भानगडीत पडू नये. ती टाळ्या पिटतील. कालव्याच्या कडेने फोटोत दिसणारे ते पांढरे डाग तेवढे अजून कळलेले नाहीत. तिची सहकारी ज्योत्स्ना म्हणाली, पॉलिहाऊसचं प्लॅस्टिक चमकत असणार. असेल बापडं, असं म्हणता म्हणता तिच्या पापण्या मिटतात.

"काय गं पोरी, ऐन दुपारी झोपतीस व्हय?"

"झोपले नाही. डोळे मिटलेत नुसते."

"मीबी तसंच म्हनत हुतो. कुनी ऐकलं न्हाई."

खाटेच्या पायथ्याशी बिरू हाके बसलेले असतात. डोक्याला तोच विटका पटका, खांद्यावर घोंगडं, आणि एका पायातली चप्पल दुसऱ्या पायातलीपेक्षा नवी. तीस वर्षं संस्थेसाठी त्यांनी हिंगणमाळावरचं गवत आणि पाखरं मोजली, आणि त्याआधी अर्धा जन्म मेंढरांमागे घातला. सगळी संस्था त्यांना बिरूमामा म्हणायची. संघमित्रा पहिल्यांदा माळावर आली तेव्हा तिला टिटवीचं अंडं दिसेना. मामांनी तिच्या चपलेपासून चार बोटांवर काठी टेकवली होती. अंडं तिथंच होतं. मामा मार्गशीर्षात गेले. ती तेव्हा दिल्लीला बैठकीत होती आणि मातीला येऊ शकली नव्हती.

"मामा, मी आले नाही हो," ती म्हणते आणि तिला भडभडून येतं. "तुम्ही गेलात आणि मी आले नाही."

"बरं झालं. लई गर्दी हुती. रडू नगंस, तुझं नाक लाल हुतंय. ऊठ, त्यो कागूद पसर."

ती उठून नकाशा पसरते. नकाशा उलगडतो तो उलगडतच जातो. खाट नाही, भिंत नाही, पुण्याच्या ऑफिसातली बैठकीची खोली आहे आणि पाण्याच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या आहेत. नकाशा टेबलाखालून सरकत दाराबाहेर जातो. त्यातल्या कालव्यात पाणी वाहतंय. दारातून घंटी वाजते आणि मेंढरं आत येतात. दहा, पन्नास, चारशे. एक शेळी तेवढ्यात संचालकांच्या खुर्चीवर चढून बसते, आणि खरं सांगायचं तर ती तिथं शोभते.

"मामा, नकाशा तुडवतील!"

"तुडवू दे. मेंढरं बसवल्याबिगर जिमीन कळत न्हाई."

हे तिला ठाऊक आहे. पीक निघालं की शेतकरी धनगराला बोलावतात आणि मेंढरं शेतात बसवून घेतात. लेंड्यांचं खत शेताला आणि ज्वारी धनगराला. मामा नेहमी सांगायचे, माणूस जमिनीबद्दल खोटं बोलेल, कागद बोलेल, पण मेंढरू वाईट जागी बूड टेकणार नाही.

मेंढरं पिवळ्या रंगावर शिरतात. त्यांच्या खुरांखाली पिवळा रंग सळसळतो आणि उभा राहतो. पवन्या, मारवेल, कुसळी, गुडघ्याएवढं गवत. खुर्च्या त्यात बुडतात. मेंढरांचे नुसते कान दिसतात. कुठूनशी टिटवी ओरडत उठते, आणि एक कोल्हा प्रोजेक्टरच्या सावलीतून शांतपणे निघून जातो.

"कंच्या महिन्यात काडलास गं फोटू?"

"मे महिन्यात," ती म्हणते. तिचे कान तापतात. "तेव्हा ढग नसतात ना मामा. फोटो स्वच्छ येतात."

मामा हसतात ते खाली बसेपर्यंत हसतात. पटक्याने डोळे पुसतात. "आगं, वैशाखात माळ बगून पडीक म्हनायचं, म्हंजी झोपल्याल्या मान्साला मेला म्हनायचं!"

"पण मामा, तुम्ही तर..."

"मी मेलोय. त्येला काय इलाज न्हाई. माळ न्हाई मेला."

तिला लाज वाटते. हा माळ तिने आश्विनात पाहिलाय, त्यातून चाललीय, मोज्यांतली कुसळं उपटत ऑफिसात आलीय. आणि तरी ढग नकोत म्हणून तिने त्याला उन्हाळ्यात पाहिलं आणि पडीक लिहिलं.

"माळ सोडला तर मी पॅनेल लावू कुठं?" ती चिडूनच विचारते. "वीज नको का लोकांना? रात्री बाराला पंप चालू करायला जातात बाया-माणसं. साप चावून मेलेत दोघं. तुम्हाला माहितीय ते."

"म्हाईत हाय. म्हनून तर आलो. पुडं बग."

कळप उठलाय. कान तुटलेली म्हातारी मेंढी पुढे आहे. ती हिरव्या रंगापाशी येते, कालव्याच्या कडेला मान खाली घालते, हुंगते आणि वळते. तिच्यामागे चारशेच्या चारशे वळतात आणि हिरव्याला लांबलचक वळसा घालून पुढे जातात.

"का बसत नाहीत तिथं? तो ऊस आहे. सातबाऱ्यावर ऊस आहे!"

"सातबाऱ्यावर हाय. जिमिनीवर हाय का बग."

ती हिरव्यावर पाय टाकते आणि करकर आवाज होतो. रखरखीत ऊन आहे, कालव्याचा भराव आहे, आणि पुढे नजर जाईल तिथवर जमीन पांढरी आहे. उसाची काळी खोडकं मधूनमधून उभी आहेत. पाखरू नाही, मुंगी नाही.

"चोपण," मामा म्हणतात. "कालव्याचं पानी पाजून पाजून मीठ वर आलं. पंधरा वरसं झाली, हितं मेंढरू बसलं न्हाई. मालकबी फिरकत न्हाईत. लाजत्यात. कागदावर तेवडा ऊस लावत्यात."

संघमित्रा डोळ्यांवर हात धरून लांबवर बघते. "हे किती आहे मामा?"

"मेंढरं वळसा घालत्यात तेवडं."

मग ती धावतेच. चप्पल हातात घेऊन कळपाच्या मागे, भरावावरून. पहिलं गाव जातं, दुसरं जातं, तिसऱ्या गावचं देऊळ दिसायला लागतं, आणि मेंढरं अजून वळसाच घालताहेत. धावता धावता ती ओरडून बोलते. पॅनेलला काय लागतं, ऊन लागतं आणि उभं राहायला जागा! खांबांना गंज चढेल, जाड लेप द्यावा लागेल, देऊ! मालकांना वर्षाचं भाडं मिळेल, पंपाची लाइन तर कालव्यावरूनच गेलीय! तिला इतका आनंद झालाय की दम लागलाय हेही तिला कळत नाही. मामा शेजारी चालताहेत, नुसते चालताहेत, आणि तरी ती त्यांच्या पुढे जाऊ शकत नाही.

"थांब," ते म्हणतात. खाली वाकून चिमूटभर पांढरं उचलतात आणि तिच्या तळहातावर ठेवतात. "चाख."

"मामा, हे काय?"

"चाख म्हन्तो न्हवं! न्हाईतर उठल्यावर म्हनशील, सपान हुतं."

ती जीभ लावते. खारट. तोंड वाकडं करते. मामांना ते फार आवडतं.

"माळावर याल का मामा? गवत उभं राहील तेव्हा?"

"मी कवा गेलतो तितनं?" मामा म्हणतात. म्हाताऱ्या मेंढीच्या पाठीवर हात ठेवतात आणि वळसा घालणाऱ्या कळपात मिसळतात. घंटी वाजत राहते. घंटी गरगरते. पंखा गरगरतो.

"मित्रा! अगं ऊठ, साडेतीन झाले. गाडी लावलीय." ज्योत्स्ना खाट हलवतेय.

संघमित्रा ताडकन उठते. डावा हात आधी लॅपटॉपकडे जातो. मे महिन्याचा फोटो, कालवा, कालव्याची कड. पांढरे डाग. ती त्यांच्यावरून बोट फिरवत जाते. एक गाव, दुसरं गाव, तिसऱ्या गावचं देऊळ.

"ज्योत्स्ना, हे पॉलिहाऊस नाही. तीन गावांत मिळून इतकी पॉलिहाऊसं कुणाची असणार? हे मीठ आहे. चोपण जमीन आहे. सातबाऱ्यावर ऊस दिसला म्हणून आपण तिला हिरवा रंग दिला. आणि माळ मेमध्ये पाहिला म्हणून पिवळा. दोन्ही उलटं झालंय."

ज्योत्स्ना फोटोकडे बघते, मग तिच्याकडे. "समितीपुढे आपणच जाऊन सांगायचं की नकाशा चुकला? तीन वर्षं घालवून?"

"मी सांगते. माझाच आहे नकाशा. माळाचा पिवळा आज पुसायचा आणि कालव्याकाठची माती तपासायला महिना मागून घ्यायचा. हसतील, हसू देत." तिच्या आवाजात भीती आहे, पण तिच्याने एका जागी उभं राहवत नाही. "मामा असते तर आत्ता पुढे चालू पडले असते."

"ते ठीक आहे. पण हाताला काय लागलंय तुझ्या? पावडर?"

संघमित्रा उजवा तळहात उघडते. मधोमध चिमूटभर पांढरं आहे, घामाने थोडं ओलं झालेलं. ती हळूच जीभ लावते आणि तिचं तोंड वाकडं होतं.

बाहेरून खानसाम्याची हाक येते. "बाई, चहा देतो. ताक मागू नका बरं का, मीठ अजून आलं न्हाई!"

"धुऊन घे चल," ज्योत्स्ना म्हणते. "उशीर होतोय."

"राहू दे," संघमित्रा मूठ मिटते, डाव्या हाताने नकाशा काखेत मारते आणि चालायला लागते. "समितीत कुणी पुरावा मागितला तर चाखायला देते."